कापताना मोठ्यांची मदत घ्या

सुलभाताई बोकील यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत गुरुवारी सकाळी इस्पितळाची खिडकी आली. छताला लागून, हिरव्या गजांची. आतून फिनेलचा वास येत होता आणि अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, 'चौकस' मासिक मोठ्याने वाचत होते. अण्णांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती. सुलभाताईंनी आधी दुधाखालचा गॅस बंद केला.

खिडकी त्यांनी लगेच ओळखली. दहा वर्षांच्या असताना त्या रोज तिच्याखाली उभ्या राहायच्या, कारण लहान मुलांना आत सोडत नसत. अण्णांनी आईबरोबर निरोप धाडला होता, की जूनच्या 'चौकस'मध्ये पुठ्ठ्याचा परिदर्शक, म्हणजे पेरिस्कोप, करायची कृती आली आहे. दोन आरसे लावून तो कर आणि खिडकीशी धर, म्हणजे आपण एकमेकांना बघू. पुठ्ठा होता, आरसेही होते. पण कृतीखाली छापलं होतं, 'कापताना मोठ्यांची मदत घ्या.' सुलभा म्हणजे छापलेलं सगळं पाळणारी मुलगी. घरातली मोठी माणसं डबे घेऊन इस्पितळाच्या खेपा घालत होती, पुठ्ठा कापायला सवड कुणाला? आठ दिवसांनी अण्णा गेले. त्या ओळीवरचा राग सुलभाताईंच्या मनातून कधी गेला नाही, आणि मासिकावरची माया मात्र तसूभरही कमी झाली नाही.

त्यांनी स्टूल ओढलं. त्या वर चढल्या तशी खिडकीही स्टुलाएवढी वर सरकली. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई एवढ्यानं नाद सोडत नसते. "बरं," म्हणून त्या उतरल्या आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात 'चौकस'चे सगळे अंक सुतळीने बांधून ठेवले होते.

जूनचा अंक, पान तेवीस. पान वाचून होईपर्यंत सुलभाताई दहा वर्षांच्या मुलीएवढ्या झाल्या. केस पांढरेच राहिले. बांगड्या मात्र सैल होऊन कोपरापर्यंत गेल्या. त्यांनी साडीचा घोळ कमरेला खोचला, मिक्सरच्या खोक्यावर पट्टीने रेघा मारल्या आणि कात्री हातात घेतली. कात्री उघडेना. दोन्ही हातांनी ताणली तरी उघडेना.

म्हणजे ओळ अजून लागू होती. त्यांनी मुलाला हाक मारली. श्रीरंग चाळिशी ओलांडलेला, ऑफिसला निघालेला.

"आई, तू बुटकी झालीस का?" त्याने विचारलं.

"हो. एवढं कापून दे."

कुठे कापायचं ते बघायला तो पानावर वाकला आणि त्याचा शर्ट त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला. मग तो फरशीवर पालथा पडून मासिक चाळू लागला आणि शब्दकोडं आधीच कुणी सोडवून ठेवलं म्हणून कुरकुरू लागला.

सुलभाताईंनी शेजारच्या पाठकांना बोलावलं. पाठक निवृत्त अभियंता, वयाने सत्तर, म्हणजे मोठेपणाबद्दल शंकाच नको. पानाकडे बघायचं नाही, नुसतं पुठ्ठ्यावरच्या रेघेवरून कापायचं, असं त्यांना दारातच बजावलं. पण अभियंत्यासमोर आकृती ठेवायची आणि बघू नका म्हणायचं! पाठकही लहान झाले. मधल्या रंगीत पानावरचं शनी ग्रहाचं चित्र कुणाचं, यावरून त्यांची आणि श्रीरंगची जुंपली.

तोवर छत बरंच वर गेलं होतं. खिडकी आता काडेपेटीएवढी दिसत होती आणि अण्णांचा आवाज विरळ होत चालला होता. एकदा आपण या खिडकीखालून हात हलवत परत गेलो, आता जायचं नाही, असं सुलभाताईंनी स्वतःला स्पष्ट सांगितलं. कुणी ना कुणी मोठं माणूस शोधायचंच. आणि तेव्हा त्यांना सुचलं, की एक मोठं माणूस अजून उरलं आहे.

"अण्णा," त्यांनी वर तोंड करून विचारलं, "कात्री चालवायला मोठं माणूस हवंय. तुम्ही कराल का मदत?"

वाचन थांबलं. अण्णा सकाळपासून पान तेवीसच वाचत होते, हे सुलभाताईंच्या आत्ता ध्यानात आलं.

वरून उत्तर आलं ते बारीक, कोवळ्या आवाजात. "मी कसा करू? माझीपण कात्री उघडत नाहीये. तिकडं मोठं कुणी आहे का?"

सुलभाताईंनी फरशीवर भांडणाऱ्या दोघांकडे पाहिलं. हातातल्या मिटलेल्या कात्रीकडे पाहिलं. मग ती त्यांनी ओट्यावर ठेवून दिली.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "तुझी कात्री खाली दे. मुठीची बाजू माझ्याकडे कर."

खाली सरकलेल्या खिडकीच्या हिरव्या गजांमधून कात्री बाहेर आली. मूठ खाली होती आणि मिटलेली पाती डिंकाने माखलेल्या इवल्या बोटांत घट्ट धरलेली होती. सुलभाताईंनी हात उंच केला. बांगड्या मनगटावरून हलल्या नाहीत.