हौदावरचा घोडा

समजा मुलांनो, तुम्ही सोलापुरातल्या एका चौकात उभे आहात. गिरणीची पाळी नुकतीच सुटली आहे, त्यामुळे गर्दी दाट आहे. समोर नवा दगडी हौद आहे, टांग्याच्या घोड्यांनी पाणी प्यावं म्हणून बांधलेला. हौदामागच्या चौथऱ्यावर चादरीनं झाकलेलं काहीतरी मोठं आहे. दिसत नसेल तर जरा टाचा उंच करा. आता चादर निघते आहे.

चादर निघाली आणि पुढचे लोक दोन पावलं मागं सरकले.

घोडाच होता तो. पण त्याच्या पाठीवर ना देव होता, ना राजा. पुढचे दोन्ही गुडघे मोडून तो पडला होता. टांग्याच्या दांड्या अजून अंगाला बांधलेल्या होत्या. बरगड्या वर आलेल्या, खांद्यावर पट्टा घासून पडलेली जखम, तोंड उघडं. आणि डोळे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे लागलेले.

"आरं, मढं बसवलंय की चौकात!" मागून कोणीतरी ओरडलं. काही जण हसले. एका बाईनं कडेवरच्या लेकराचे डोळे झाकले.

हौद बांधला होता पंचाक्षरी नावाच्या सरकीच्या व्यापाऱ्यानं, वारलेल्या वडिलांच्या नावानं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"शिवपुत्र, मी उधळलेला घोडा सांगितला हुता. हे काय केलंस?"

"रस्त्यावर दिसतो तसा केला, मालक."

"रस्त्यावरचं रस्त्यावर राहू दे की! माझ्या बाच्या नावाखाली मेलेलं जनावर?"

"मेलं न्हाय मालक, पडलंय. उठवा म्हणतंय."

शिवपुत्र हा चुन्यात काम करणारा गवंडी. देवळांच्या शिखरांवरचे सिंह, मोर, द्वारपाल करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ते सिंह पाहायला मान वर करावी लागते, म्हणून फारसं कोणी पाहत नसे. त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती.

त्याच्या शेजारी कासीम टांगेवाला राहायचा. कासीमची घोडी बुलबुल, कपाळावर केसांखाली पांढरा ठिपका असलेली. शिवपुत्रची मुलगी बसम्मा रोज सकाळी तिला गवताची पेंढी घालायची, आणि बुलबुल पेंढीच्या आधी तिच्या पोलक्याची बाही हुंगायची. आदल्या उन्हाळ्यात स्टेशनाकडून येताना, टांगा माणसांनी खच्चून भरलेला असताना, बुलबुल चढावर पडली. माणसं खाली उतरली आणि दुसऱ्या टांग्यात जाऊन बसली. तेव्हा शिवपुत्रनं आणि कासीमनं तिला कसंबसं उभं केलं. नालबंद तिचे पाय चाचपून म्हणाला होता, "हलकं काम दे मियाँ. आता पडली तर उठायची न्हाय."

"ज्यादा सवारी नक्को बोलूं, तो दुसरा टांगा करते लोगां," कासीम म्हणाला होता. "मग मी काय खाऊ, तिला काय खिलाऊ?"

म्हणून शिवपुत्रनं हा घोडा केला. लोकांनी तो येताजाता पाहावा आणि टांग्यात चढायला उचललेला पाय जरा थांबावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण लोकांना तो बघवेना. बायका दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागल्या. पोरांनी दगड मारून एक कान उडवला. टांगेवाले घोडी हौदावर आणेनात. "आमच्या जनावरास्नी अपशकुन कशाला?" असं ते म्हणायचे. शेवटी पंचाक्षरीनं घण घेऊन माणसं पाठवायचं ठरवलं.

माणसं आली, पण घण तसाच खाली ठेवून उभी राहिली. घोड्याच्या कपाळाला शेंदूर होता. पायाशी नारळाची भकलं होती.

चौकात भाजी विकणाऱ्या मुक्ताबाईच्या नातवाचा ताप उतरत नव्हता. तिनं येताजाता हौदावरच्या घोड्याला हात जोडले आणि ताप उतरला. मग तिनं त्याला शेंदूर लावला.

"हात लावशिला तर बघा," ती घणवाल्यांना म्हणाली. "जागृत हाय घोडोबा."

देवावर घण कोण उचलणार? माणसं परत गेली. बसम्मा उड्या मारत घरी आली. "अप्पा, वाचला आपला घोडा!" शिवपुत्रनं आयुष्यात बायाबापड्यांच्या हातच्या शेंदरानं कितीतरी मूर्ती बुजलेल्या पाहिल्या होत्या. तरीही त्या दिवशी तो गप्प राहिला. पुतळा टिकला, याचाच त्याला आनंद झाला होता.

मग पुटावर पुटं चढत गेली. आधी जखम बुजली, नंतर बरगड्या. दांड्यांना लाल फडकी बांधली गेली, डोळ्यांवर चांदीचे डोळे बसले. टांगेवाले आता सकाळी पहिला नारळ घोडोबापुढं फोडू लागले, दिवसभर घोडं पडू नये म्हणून. आणि गिऱ्हाइकं म्हणू लागली, "नारळ फोडलायस न्हवं? मग बसू दे की आनी एक. घोडोबा बगून घील."

मंगळवारच्या बाजाराला कासीमचा टांगा असाच भरला. मागं माणसं, पुढं माणसं, पायाशी धान्याची पोती. चौकाच्या अलीकडेच बुलबुलचे गुडघे मोडले.

लोक खाली उतरले, पण या वेळी निघून गेले नाहीत. ते घोडोबाकडे वळले. कोणी नारळ आणायला धावलं, कोणी घंटा वाजवू लागलं. "उठीव रं देवा, उठीव!" पट्टे सोडायला मात्र शिवपुत्र आणि कासीम दोघंच होते. पट्टे सुटले. बुलबुलनं एकदा मान उचलली आणि खाली टाकली. कासीम तिथंच धुळीत बसला. "गई मेरी बच्ची," एवढंच तो म्हणाला.

मुक्ताबाई शेंदराची वाटी घेऊन आली. वाकून तिनं बुलबुलच्या कपाळावर बोट ओढलं. "देवानं आपल्या दारात बोलावून घेतली. भाग्याची हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. भोवतालच्या माणसांनी हात जोडले.

बसम्मा गर्दीतून पुढं आली. तिनं परकराचा काठ हौदात बुडवला, बुलबुलच्या डोक्याशी बसली आणि कपाळ पुसू लागली.

"पोरी, देवाचं हाय ते!" मुक्ताबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा बोट ओढलं.

बसम्मा उठून हौदाशी गेली, काठ पुन्हा भिजवून आणला आणि पुन्हा पुसू लागली. शेंदूर आधी नुसताच पसरला. केसांखालचा पांढरा ठिपका दिसेपर्यंत ती पुसत राहिली.