अभिमनची मोटर हूं म्हणते

कानबाई मायची आण घेऊन, ओरडून सांगते, बठ्ठं खरं शे, सगळं खरं आहे! एक अक्षर खोटं निघालं तर उद्यापासून माझ्या ताटात भरीत वाढू नका. आणि भरीत मला किती लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर पिंप्राळ्यात ललिता राहते. तिचा नवरा अभिमन लेथवाला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं मशीन. यावलकडचे केळीवाले पंपाच्या झिजलेल्या शाफ्टा घेऊन यायचे, हा त्या भरून, कातून नव्यासारख्या करायचा. माणूस गुणी, पण मुलखाचा मुका. काहीही विचारा, उत्तर एकच: हूं. वाढू का? हूं. पाऊस येईल का? हूं. लग्नात भटजींनाही हूंच म्हणाला असेल.

आता त्या लेथला लागते तीन फेजची वीज, आणि घराला येते एका फेजची. मग अभिमनने भंगारातून विहिरीवरची एक जुनी मोटर आणली आणि कोपऱ्यात भिंतीजवळ बसवली. तिला ना पंप, ना पट्टा. नुसतीच फिरायची. पण फिरता फिरता घरच्या दोन तारांना तिसरीची जोड द्यायची, आणि त्या तिन्हींवर लेथ चालायचं. खोड एकच. बटन दाबलं की ती जागच्या जागी ‘हूंऽऽ’ करत बसायची. पुलीला दोरी गुंडाळून झटका दिला तरच फिरायची, आणि झटका ज्या अंगाला, त्याच अंगाला फिरायची. मोटर उलटी, तर लेथही उलटं.

हा झटका देताना अभिमन शेडचं दार लोटून घ्यायचा. बायकोलासुद्धा बाहेर काढायचा. मोटर फिरली की आत बोलवायचा आणि कातायला शिकवायचा. अकरा वर्षांत ललिताचा हात त्याच्याइतका बसला, पण तो झटका काही तिने कधी पाहिला नाही.

चैत्रात अभिमनच्या छातीत कळ आली आणि तो गेला. वैशाखात तिचा जेठ, अभिमनचा थोरला भाऊ सुकलाल, लेथ विकायला निघाला. म्हणाला, ‘‘कातशी तू, पण सुरू कोन करी? त्यानं भूत करी का?’’

ललिताने डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘‘नाना, गिऱ्हाइकाचा टेम्पो येईपर्यंत वेळ द्या. सरळ चालवून दाखवलं तर लेथ इथंच राहील.’’

‘‘आनि नही चालनं तं?’’

‘‘तर न्या.’’

गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याचा प्रेमराज, देवपूरला कारखाना असलेला. दुपारी बाराला येणार होता. नथ्थू वायरमनला बोलावलं, तर तो उंबऱ्यातूनच हात जोडून परत गेला. म्हणे, मेलेला माणूस आपण जोडलेल्या तारा सोडत नाही.

पावणेबाराला ललिता शेडमध्ये शिरली. शेजारची भिकुबाई भिंतीवरून म्हणालीच, ‘‘माय वं, भर दुपारनी नको जाऊ. ती मोटर त्यानाच आवाज काढस!’’

ललिताने बटन दाबलं. ‘हूंऽऽ.’

अभिमन ताटावर बसून म्हणायचा ना, तोच सूर. तिने जुन्या लुगड्याची चिंधी पुलीला गुंडाळली आणि ओढली. मोटर फिरली, लेथ फिरलं, पण उलटं. शाफ्ट पकडणारा तो जड लोखंडी चक आट्यांवरून सुटायला लागला. सुटला असता तर पायच गेला असता. तिने घाईने बंद केलं. पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा उलटं. तिसऱ्यांदा उलट गुंडाळून ओढली, तर चिंधीच टर्रकन फाटली, आणि मोटर नुसती हूंऽऽ करत बसली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

‘‘अहो, मला द्यायचं नाही का हे मशीन?’’ ललिताने मोटरीलाच विचारलं.

‘हूंऽऽ.’

‘‘मग धुळ्याला जाऊ देऊ?’’

‘हूंऽऽ.’

‘‘मेलात तरी एक धड उत्तर नाही!’’

मोटर तापल्याचा वास सुटला. बंद करायला ती वाकली, पण बटनापर्यंत हात पोचायच्या आत मोटरीमागच्या भिंतीवर तिला पंजा दिसला. तेलकट, काळा, पाची बोटं उमटलेली. खाली फरशीवर दोन पावलांचे डाग. भिंत आणि मोटर यांच्यामधल्या त्या फटीत एक सडपातळ माणूस मावेल, एवढीच जागा.

ती आत सरकली. पावलांवर पावलं ठेवली, पंजावर उजवा हात टेकवला. वरचा पत्रा भट्टीसारखा तापलेला, आणि तो पंजा गार. पाण्याच्या माठासारखा गार.

उजवा हात तर टेकवलेला. मग ओढायचा कुठल्या हाताने?

तेव्हा तिला कळलं. अभिमन डावरा होता. लहानपणी डाव्या हाताने जेवला म्हणून बापाने त्या हाताला चटका दिला होता, एवढं तिने ऐकलं होतं; पण खोड मोडली असंच तिला वाटायचं. तेव्हापासून चारचौघांत उजवा, आणि दार लोटून डावा. अकरा वर्षं बायकोपासून लपवलं, येड्याने!

तिच्या डाव्या हाताशी, खिळ्याला, त्याची दोरी लटकत होती. तिने ती पुलीला गुंडाळली आणि डाव्या हाताने ओढली. मोटर फिरली. या वेळी दुसऱ्या अंगाला, आणि लेथ सरळ चालायला लागलं.

सुकलाल आणि प्रेमराज दारात येऊन उभे राहिले, तेव्हा चकातल्या शाफ्टेवरून निळसर कीस लांबच लांब सुटत होता. प्रेमराजने शाफ्टेवरून बोट फिरवलं.

‘‘सुकलालभाऊ, नुसतं मशीन नेऊन मी काय करू? हा हात थोडाच टेम्पोत चढणार! राहू द्या इथंच. माझ्या शाफ्टाही इकडंच पाठवतो.’’

टेम्पो रिकामा देवपूरला गेला. आणि तेव्हापासून मोटर सुरू करताना ललितासुद्धा दार लोटून घेते.

बरं, बरं, डोळे वटारू नका. कबूल करते. एक गोष्ट मी पदरची घातली. ती दोरी. खिळ्याला दोरी नव्हतीच. तिरडी बांधताना सुतळी कमी पडली, तेव्हा सुकलालने तीच काढून नेली होती. अभिमनसंगंच जळाली ती. चिंधी तर फाटलेली. ललिताच्या डाव्या हातात काहीच नव्हतं. तिने रिकामी मूठ ओढली.

बाकी बठ्ठं खरं शे. वाढा भरीत.