वर्दीवर हात

मास्तरणीने शिंपिणीच्या बाहीचे बटण काढले आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाएवढा त्रिकोण भाजला होता. कडा अजून ओल्या होत्या. तिने त्यावर ठाण्यातले पिवळे मलम बोटाने हलकेच लावले. शिंपीण खिडकीच्या गजांकडे बघत राहिली.

"आज सकाळचं?"

"कालचं. आज अजून काही झालं नाही."

"मग आज का आलीस?"

"आज हे म्हणाले, जा तुझ्या त्या ठाण्यात, खुशाल जा. तू परत येईपर्यंत इस्त्री तापवून ठेवतो." शिंपिणीने बाही खाली ओढली. "या वेळी हात नाही म्हणाले, बाई. तोंड म्हणाले."

मास्तरणीने मलमाच्या डबीचे झाकण लावले. ते नीट बसेना. तिने ते काढून पुन्हा लावले.

ही शिंपीण ठाण्यात तिसऱ्यांदा आली होती. तशी ती ठाण्याला परकी नव्हती. पोलिसांत पहिल्यांदाच, वर्षभर चाचणी म्हणून, दोन बायका घ्यायच्या ठरल्या, तेव्हा त्यांच्या वर्दीचे काम हिच्या नवऱ्याला मिळाले होते. पण बाईच्या अंगाला पुरुषाने टेप लावायची कशी, यावर वरच्या कचेरीत आठवडाभर खल झाला आणि शेवटी मापे घेतली ती शिंपिणीने. दोन्ही कोट शिवलेही तिनेच. मंजूर होऊन आलेल्या नमुन्यात खिसा नव्हता. बाईला खिशात ठेवण्यासारखे काय असणार, असे कागदावर चित्र काढणाऱ्याला वाटले असावे. शिंपिणीने न विचारता आतल्या बाजूने एक खिसा शिवून दिला होता, आणि त्यासाठी मास्तरणीने तिला मनातल्या मनात हजारदा दुवा दिला होता.

मास्तरीण हे काही तिचे नाव नव्हे. पोलिसांत येण्याआधी आठ वर्षे तिने शाळेत मुलांना शिकवले होते, म्हणून ठाण्यातल्या पुरुषांनी पहिल्याच दिवशी तिचे बारसे केले. दुसरीला ते धाकटी म्हणत. दोघींची कामे ठरलेली होती. हरवलेली पोरे घरी सोडायची, पकडलेल्या बायकांची झडती घ्यायची, आणि कोणी बाई तक्रार घेऊन आली की तिला या मागच्या खोलीत बसवून तिचे ऐकून घ्यायचे. ऐकून फक्त घ्यायचे. लिहायचे काम कारकुनाचे. बाहेर जाऊन त्याला तोंडी सांगायचे आणि तो वहीत उतरवणार. आठ वर्षे मास्तरणीने शेकडो पोरांच्या अक्षरांना वळण लावले होते, पण तिच्या स्वतःच्या अक्षराला त्या वहीत जागा नव्हती.

ती बाहेर आली. कारकून कान कोरत बसला होता.

"बोला बाई. काय म्हणते शिंपीण?"

मास्तरणीने सांगितले. भाजल्याची जागा सांगितली, आकार सांगितला, इस्त्री सांगितली, आणि आजची धमकी शब्दन् शब्द सांगितली. कारकून मान डोलावत होता. तो वाईट माणूस नव्हता, त्याला लांबलचक लिहायचा कंटाळा होता इतकेच. तिचे सांगून झाले तेव्हा त्याने टाक दौतीत बुडवला आणि एका ओळीत सगळे आटोपले. मास्तरणीने उलट्या बाजूने वाचले. ही विद्या तिला शाळेपासून अवगत होती. "घरगुती कुरबूर. समजूत घातली. सुखरूप पोचती केली."

"पोचती केली? अजून ती आत बसली आहे."

"मग आता पोचवणारच ना तुम्ही? पुन्हा वही उघडायला नको."

"धमकी लिहा की."

"बाई, घडलेलं लिहायचं असतं. न घडलेलं काय लिहू?"

"मग घडलेलं लिहा. भाजलंय तिला."

"शिंप्याच्या घरात इस्त्री असते. भाजतं." त्याने वही मिटली.

फौजदार आपल्या खोलीच्या दारात उभे राहून हे ऐकत होते. ते मास्तरणीशी नेहमी सौम्यच बोलत, पण त्या सौम्यपणाची तिला मनस्वी चीड यायची.

"बाई, पोचवून या लवकर. आणि वाद नकोत. अकरा महिने निभावलंत, आता महिनाभर राहिला. वर्षाचा अहवाल मला लिहायचा आहे. तुमच्यापैकी एकीनेही वर्दीला कमीपणा आणला तर दोन्ही जागा जातील. मी काही करू शकणार नाही."

"हो साहेब," मास्तरीण म्हणाली.

त्या दोघी रस्त्याला लागल्या. पकडलेल्या बाईला बेड्या घालायच्या नाहीत, मनगट धरून न्यायचे, असा नियम होता. तक्रार करणारीला धरायचे काहीच कारण नव्हते. पण खाकी कोटातल्या बाईबरोबर दुसरी बाई चालताना दिसली की लोक समजायचे ते समजत. भाजीवालीने पिशवी भरता भरता मान वळवली. न्हाव्याच्या दुकानातले गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडाने दारात आले. कोणीतरी म्हणाले, "आज शिंपिणीला उचलली वाटतं." शिंपिणीने तोंडावर काही ओढून घेतले नाही, नुसती मान खाली घातली. आपण हिला आजवर दोनदा अशीच नेऊन दिली, हे मास्तरणीला आठवले आणि लाज वाटली. दोन्ही वेळा शिंप्याने तिला बसायला खुर्ची दिली होती. सरकार आमची किती काळजी घेते, असे म्हणाला होता.

"बाई," शिंपीण म्हणाली, "मला अटक करा."

"काय?"

"लोकांना तसंही तेच वाटतंय. आत टाका. निदान काही दिवस."

"अटक अशी मागून मिळत नाही. गुन्हा लागतो."

"मी काही केलं नाही कधी."

"माहीत आहे."

"काही म्हणजे काहीच नाही. गिऱ्हाइकाचं कापडसुद्धा कधी वीतभर जास्त कापलं नाही."

मास्तरणीला हसू आले. ती पुढे चालू लागली. वळणावर धान्याचे मोठे दुकान होते, तिथे बरीच गर्दी होती. तिथून गल्लीच्या तोंडाशी असलेले शिंप्याचे दुकान सरळ दिसे.

शिंपी पायरीवर बसला होता. समोर इस्त्री उघडी ठेवून तो आतल्या निखाऱ्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होता. घाई नव्हती. त्याने मान वर केली, दोघींना पाहिले, ओळखीचे हसला आणि पुन्हा वारा घालू लागला.

शिंपिणीचे पाऊल तिथेच अडले. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने मास्तरणीचा कोपर घट्ट धरला.

मास्तरणीने इकडेतिकडे पाहिले. धान्याच्या दुकानापुढे तीस-चाळीस माणसे तरी होती. तिला अहवाल आठवला. धाकटी आठवली, जिच्या पगारावर आजारी बाप आणि दोन बहिणी होत्या. मग ती समोर बघत, ओठ फारसे न हलवता बोलली.

"अंगावरच्या वर्दीवर कोणी हात टाकला, तर त्याची समजूत घालून सोडता येत नाही. तिथल्या तिथे अटक. सोडायचा अधिकार फौजदारांनाही नाही."

शिंपीण तिच्याकडे बघतच राहिली. समजायला तिला थोडा वेळ लागला.

"मारू तुम्हाला?"

"मी काही सांगत नाही. मी नियम सांगते आहे."

"मारता नाही यायचं मला."

शिंपीण तिच्या कोटाकडे बघू लागली. तिची नजर कॉलरवरून खांद्यावर गेली, काखेच्या शिवणीवर गेली, पुन्हा खांद्यावर आली.

"इथला पट्टा उसवेल. कापड फाटायचं नाही," ती हळूच म्हणाली आणि तिने खांद्यावरचा पट्टा धरून ओढला. ओढला कसला, चाचपला. शिवण पक्की होती. तिचीच होती.

"जोरात," मास्तरीण म्हणाली. आठ वर्षे वर्गात वापरलेला आवाज आपसूक बाहेर आला होता.

शिंपिणीने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. टर्रकन आवाज झाला, पट्टा पितळी बिल्ल्यासकट तिच्या मुठीत आला, आणि त्या झोकाने मास्तरीण गुडघ्यावर पडली. टोपी गटारात गेली. गर्दीत कोणीतरी शिट्टी मारली. कोणीतरी "बघा बघा, पोलिसीण लोळवली," म्हणून हसले. मास्तरीण उठली. गुडघा सोलवटला होता आणि अपमानाने कान तापले होते, कारण हसणे खोटे नव्हते. तिने शिंपिणीचे न भाजलेले मनगट घट्ट धरले आणि तिला उलट्या दिशेने फिरवले.

ठाण्यात कारकुनाने नवी निब लावली. त्याने पट्टा टेबलावर ठेवून त्याची लांबी मोजली. टाके किती उसवले ते मोजले. बिल्ल्याला पोचा आला होता, तो लिहिला. टोपी कोणत्या बाजूच्या गटारात पडली, हेही विचारले. मास्तरीण जे सांगेल ते जसेच्या तसे पानावर उतरत होते, आणि तो एकदाही कंटाळला नाही. एक पान भरले तेव्हा त्याने टीपकागद दाबला आणि उलटून पुढे लिहू लागला. मास्तरीण ते बघत होती. तिला इतका संताप आला की तिने हात मागे घेऊन एकमेकांत अडकवले.

फौजदारांनी मात्र तिच्याकडे पाहणे टाळले.

"एका शिंपिणीने पाडलं तुम्हाला?"

"हो साहेब."

"भर बाजारात."

"हो साहेब."

"अहवालात हे लिहावं लागेल. धाकटीला तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

"सांगेन," ती म्हणाली. ते कसे सांगायचे हे तिला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात शिंपी आला. घाईत आल्यामुळे त्याच्या गळ्यात टेप तसाच होता. त्याने वाकून नमस्कार केला. बाईमाणसाची अक्कल ती किती, मोठ्या मनाने समज देऊन सोडा, घरी नेऊन मी बघतो काय ते, असे तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

"तिला सोडू कसं?" फौजदार म्हणाले. "चाळीस माणसांनी पाहिलंय. सरकारी वर्दी आहे, घरची चादर नव्हे. उद्या मॅजिस्ट्रेटसमोर उभी करावी लागेल. बस तिकडे बाकावर."

कोठडीत घालण्याआधी भरायचा कागद कारकुनाने काढला. मधला मोठा रकाना अंगावरच्या आधीच्या खुणांचा होता. हे बघून फौजदार स्वतः टेबलाजवळ आले.

"हे नीट भरा. मागच्या महिन्यात एका कैद्याच्या पाठीवरच्या वळांवरून मॅजिस्ट्रेटने मला तासभर उभं केलं होतं, पोलिसांनी मारलं का म्हणून. एकही खूण सुटता कामा नये. केवढी, कधीची, कशाने आणि कोणी, सगळं आलं पाहिजे. बाई, आत जा आणि पडद्यामागून सांगा."

मास्तरणीने मागच्या खोलीचा पडदा ओढला. शिंपिणीने एक एक बटण काढले. मास्तरीण मोठ्याने सांगू लागली आणि बाहेर निब कुरकुरू लागली.

"उजव्या मनगटाच्या वर भाजलेलं. दोन बोटं रुंद. कालचं. इस्त्रीने."

"कोणी?" बाहेरून कारकुनाने विचारले.

"नवऱ्याने."

"डाव्या दंडावर चार काळेनिळे डाग, बोटांचे. आठवड्यापूर्वीचे. नवऱ्याने. कानाच्या मागे खोक, भरलेली. गजाने."

"गज कसला?"

"कापड मोजायचा. लोखंडी." मास्तरणीचा आवाज स्थिर होता. "डावी बरगडी मोडून वाकडी जुळलेली. गेल्या वर्षाची."

"वेगळा कागद जोडू का, साहेब?" कारकून म्हणाला.

"जोडा. हवे तितके जोडा."

बराच वेळ गेला. मग फौजदारांचा आवाज आला.

"ए, इकडे ये. या खुणा ठाण्यातल्या नाहीत, हे तुला माहीत आहे ना?"

"अर्थातच साहेब," शिंपी म्हणाला. त्याच्या बोलण्यात मदत करायची तयारी होती. "ठाण्याचं नाव कोण घेईल? माझ्याच आहेत या. घरच्या."

"मग तसं लिहून सही कर. प्रत्येक पानावर. म्हणजे उद्या मॅजिस्ट्रेटसमोर आमच्यावर काही यायला नको."

"आनंदाने. द्या साहेब."

खुर्ची सरकली. टाक दौतीत बुडाल्याचा आवाज पडद्याआड मास्तरणीला स्पष्ट आला, आणि शिंप्याने एक, मग दुसरे पान उलटल्याचाही. तिने शिंपिणीकडे पाहिले. शिंपीण छातीशी झगा धरून ऐकत होती. अकरा महिन्यांत या खोलीतून बाहेर जे काही गेले होते, ते मास्तरणीच्या किंवा धाकटीच्या तोंडून गेले होते.

"थांबा," शिंपीण पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "पाठ राहिली आहे."