मधोमध थांबलेला काटा

त्या सकाळी अप्पा पिकअपच्या बॉनेटखाली कंबरेपर्यंत वाकलेले होते आणि लेक ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पुस्तकात बुडालेली. तिला ग्रंथालयात कामावर सोडायचं होतं. पण तापमानाचा काटा मध्यावर आल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, हा अप्पांच्या गॅरेजचा नियम. तो लेकीलाही लागू होता.

"नव्या गाडीचा काटा म्हणजे पाहुण्यांसमोर बसवलेलं पोर," हात पुसत अप्पा म्हणाले. "आत काही का चालेना, हा आपला शहाण्यासारखा मधोमध. जुन्या गाडीत चढाला वर जायचा, उताराला खाली यायचा. गिऱ्हाइकं घाबरायची. म्हणून आता गाडी बनवतानाच त्याला बजावून ठेवतात, ऐंशीपासून एकशेदहा अंशांपर्यंत जागचं हलायचं नाही. खरा आकडा हवा तर यंत्र लावून विचारायचा."

"हं," ती म्हणाली. हवेत गारठा होता, तरी अप्पांच्या कपाळावर घाम दिसला. "बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

तिने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अप्पांचं हृदय थांबलं.

महिनाही झाला नाही तोच त्यांच्या गॅरेजसमोर पिकअपची रांग लागली. रांगेच्या तोंडाशी खुर्ची टाकून शीतल महाराज बसलेले. हे पूर्वी फ्रीज दुरुस्त करत. फ्रीज काही थंड होईनात, तेव्हा ते इंजिनांकडे वळले.

इंजिन तापू नये म्हणून करायची त्यांची कृती सोपी होती. गार इंजिनाच्या रबरी नळीला तांब्याचं कडं अडकवायचं, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीभोवती लाल फडकं बांधायचं, गाडी सुरू करायची आणि मंत्र म्हणायचा. काटा तळातून उठायचा, मध्यावर यायचा आणि तिथेच बसायचा.

"अप्पा उस्ताद गेले नाहीत," महाराज डोळे मिटून सांगायचे. "काट्यावर त्यांचा हात आहे. चाळीस दिवस फडकं सोडू नका. टाकीत डोकावलात की हात सुटला म्हणून समजा."

"परवा टोमॅटो भरून अख्खा घाट चढलो," एक ड्रायव्हर म्हणाला. "काटा केसभर हलला नाही."

"माझा तर रविवारी दिवसभर हलला नाही."

"रविवारी तुझी गाडी बंद असते ना रे?"

"असते. पण हलला नाही, हे तर खरं?"

लेकीला हसू आलं असतं, पण आई रोज कडं-फडकं बांधलेल्या अप्पांच्या पिकअपमध्ये जाऊन बसायची. धाकट्या मुलाला इंजिन सुरू करायला लावायची आणि काट्यावरच्या काचेवर बोट ठेवून बघत राहायची. तेवढाच तिचा विरंगुळा. म्हणून लेकीने महाराजांना हटकलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नाही. दुपारच्या उन्हात मंत्र चार मिनिटांत आटपायचा. सकाळच्या गारठ्यात त्याला सहा-सात कडवी जास्त फुटायची.

मग एका संध्याकाळी तिला पिकअपखाली हिरवं थारोळं दिसलं.

"अरे, कूलंट गळतंय," ती धाकट्याला म्हणाली.

"काटा मध्यावर आहे, ताई."

"फडकं सोड आणि टाकी बघ."

"आई हात लावू देईल तर ना. आणि उद्या तिला घाटापलीकडे आत्याकडे न्यायचंय."

सकाळी महाराज खुर्चीत स्थिरावले, तोवर लेक पिकअपच्या स्टिअरिंगमागे बसलेली होती. आई शेजारी, प्रवासाची पिशवी मांडीवर घेऊन. अप्पांच्या खणातलं, खरा आकडा दाखवणारं तळहाताएवढं यंत्र लेकीने वायरने स्टिअरिंगखालच्या खाचेला जोडलं होतं. नळीवरचं कडं काढून तिने पर्समध्ये टाकलं.

"आज कडं नाही, मंत्रही नाही," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

काटा उठला. सावकाश मध्यावर आला आणि थांबला.

"उस्तादांची कृपा मंत्राशिवायही चालते," महाराज म्हणाले.

"मग तुम्ही इथे कशाला बसता?"

रांगेत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. तिने यंत्र खिडकीशी उभ्या असलेल्या धाकट्याच्या हातात दिलं आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. "मोठ्याने वाच."

"ब्याऐंशी... एक्क्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

"इथपर्यंत ठीक आहे. आजचं इंजिन नव्वद ते एकशेपाचच्या आसपास चालतं. कूलंट दाबाखाली असतं, म्हणून शंभरलाही उकळत नाही. काटा कुठे आहे, आई?"

"मध्यावर."

"एकशेचार. एकशेआठ," धाकट्याचा आवाज बारीक झाला. "ताई, एकशेनऊ."

"आणि काटा?"

"मध्यावरच," आई म्हणाली.

लेकीने इंजिन बंद केलं. "उभ्या गाडीची ही तऱ्हा. घाटात काटा उठेल तेव्हा थेट लाल खुणेवर जाईल. तोवर इंजिन गेलेलं असेल, आणि तुम्ही दोघं वळणावर."

धाकट्याने कोणाला न विचारता फडकं सोडलं. झाकणाला हात लावायची गरजच नव्हती. टाकीतलं बाहेरूनच दिसत होतं. तळाशी दोन बोटं कूलंट. रांगेतले सगळे बघायला पुढे सरले. दोघातिघांनी आपापली बॉनेटं उघडली. तांब्याची कडी काढायला कोणाला सांगावं लागलं नाही. महाराज खुर्ची घडी करू लागले. ती घडी होणारी नव्हती, हे त्यांना बऱ्याच वेळाने समजलं.

आईने काचेवरचं बोट काढलं नव्हतं. "म्हणजे ते इथे नाहीत."

"नाहीत."

"कळायला हवं होतं मला. एवढा वेळ एका जागी ते कधी बसलेत?"

लेकीने यंत्र काढून आईच्या ओंजळीत ठेवलं. त्याच्या कडांवर अजून अप्पांच्या बोटांचं ग्रीस होतं.

"हे त्यांचं. वरून जे दिसतं त्यावर थांबायचं नाही, आत काय चाललंय ते विचारायचं, एवढंच ते सांगायचे. गाडी असो, महाराज असो, आपलं माणूस असो."

रस्त्यावर एकेक पिकअप निघून चालली होती.

"आई, त्या दिवशी गारठ्यात त्यांना घाम फुटला होता. मी बघितला. बरं आहे ना, असं विचारलंही. मला काय धाड भरलीय, म्हणाले, आणि मला तेच ऐकायचं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."