दुसरी टोचणी

रुग्णालयात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांची ती 'एकटोची'. बावीस वर्षं रक्त काढायचं काम, आणि एका माणसाला दोनदा सुई टोचली असं एकदाही झालं नाही. ज्यांच्या शिरा हाताला लागता लागत नाहीत अशी म्हातारी माणसंसुद्धा सकाळी आधी चौकशी करायची, "आज कोण आहे? एकटोची ना? मग ठीक." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. गर्व म्हणा हवं तर. पण त्या एवढ्या मोठ्या इमारतीत तिच्या वाट्याला दुसरं होतं तरी काय?

आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी पुढ्यात पुस्तक येऊन पडलं. नवा नियम निघाला होता. शरीररचना, शरीरक्रिया आणि थोडं रसायनशास्त्र, एवढ्याची परीक्षा द्यायची. पास झालात तर सुई हातात, नाही तर फायलींच्या खोलीत बसा धूळ झटकत. हजारो शिरा बोटांनी शोधणाऱ्या बाईला विचारणार, शीर म्हणजे काय ते दोन ओळींत लिहा. तिच्या डोक्यात तिडीकच गेली होती. पण करते काय? परीक्षा उद्यावर येऊन ठेपली होती.

शिकवायला भाची होती. दादाची एकुलती एक मुलगी, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. दादा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आत्या, भाची आणि वहिनी एकाच घरात राहत होत्या. वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात जायच्या, पाचला सुटायच्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी भेटायला आलं आणि दादाचा विषय निघाला की म्हणायच्या, "शेवटची सुई तरी वन्संच्या हातची होती. त्यांना जरासुद्धा दुखलं नाही." म्हणताना त्यांचा चेहरा निवायचा. त्यांना स्वतःलाही दुसऱ्या कोणाची सुई चालत नसे. आज संध्याकाळी थायरॉइडच्या तपासणीसाठी त्यांचं रक्त काढायचं होतं. सामान आत्याने सकाळीच पर्समध्ये टाकून ठेवलं होतं.

तीन वाजता दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

"पेशीच्या बाहेर जास्त काय असतं?" भाचीने विचारलं.

"सोडियम."

"आणि आत?"

"पोटॅशियम."

"अरे वा. लक्षात कसं ठेवलंस?"

"तुझा बाप सोडियम. सदा घराबाहेर. तुझी आई पोटॅशियम."

भाची हसली, मग डोळे पुसून पुन्हा हसली. आत्याला बरं वाटलं. हाडांची नावं तिने अशीच घोटली होती. मांडीचं हाड म्हणजे वॉर्डातला तो ताडमाड शिपाई, कानातलं सगळ्यात छोटं हाड म्हणजे कानात कुजबुजणारी रिसेप्शनवाली. अशाने सगळं शरीर ओळखीच्या माणसांनी भरून गेलं होतं.

"पोटॅशियम रक्तात साडेतीन ते पाच," भाची पुढे म्हणाली. "वर गेलं तरी हृदय बिथरतं, खाली गेलं तरी बिथरतं. कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा. हे आकडे विचारतातच, पाठ कर."

तिने पाठ केले. चार वेळा म्हणून दाखवले. भाचीने पान उलटलं.

"आता रक्त गोठणं. त्याला कॅल्शियम लागतं. तुझ्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आधीच एक रसायन असतं बघ, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून त्यातलं रक्त गोठत नाही. ते रसायन म्हणजे पोटॅशियमचा क्षार."

"कशाचा?"

"पोटॅशियमचा. लिहून घे."

तिने लिहिलं नाही. पेन हातात तसंच राहिलं.

आता ही गोष्ट नीट सांगायला हवी. एका माणसाच्या रक्ताच्या बहुतेक वेळा दोन ट्यूब भरायच्या असतात, एक जांभळ्या झाकणाची आणि एक पिवळ्या. जांभळीतलं रक्त पेशी मोजायला जातं, पिवळीतलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम बघायला. ती आधी जांभळी भरायची. कधी कधी मध्येच शीर आटायची आणि पिवळी अर्धीच राहायची. मग काय, त्या जिवाला परत टोचायचं? ती जांभळीचं झाकण उघडून त्यातलं थोडं पिवळीत ओतायची. रक्त ते रक्त, त्याच माणसाचं, त्याच हातातलं. असं कर म्हणून कोणी शिकवलं नव्हतं, करू नको म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी व्हायचं. एकटोचीचं नाव त्यावर टिकून होतं.

आणि आजच दुपारी, ड्यूटी संपता संपता, सात नंबरच्या आजींच्या वेळी तिने तेच केलं होतं.

"समजा," ती म्हणाली, "कोणी जांभळीतलं पिवळीत ओतलं तर?"

"कोणाला वेड लागलंय? पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसेल आणि कॅल्शियम उगाच घटलेलं. डॉक्टर घाईघाईने पोटॅशियम उतरवायचं औषध देतील. मुळात ते वाढलेलंच नसेल तर..."

"तर काय?"

"तर हृदय थांबू शकतं, आत्या. पण असं करतंय कोण?"

आत्याने फोन उचलला. बाहेर जिन्यात जाऊन बोलता आलं असतं, आणि ते मनात आलं नाही असं नाही. भाचीने ऐकलं की ती पुढचा विचार करणार, आणि पुढचा विचार कुठे जाऊन पोचतो ते आत्याला कळून चुकलं होतं. पण उठून जिन्यापर्यंत जाण्याएवढा वेळही आजींकडे आहे की नाही कोण जाणे. तिने तिथेच बसून लॅबला फोन लावला.

"सात नंबरच्या आजींचा रिपोर्ट?"

"ताई, पोटॅशियम आठ पॉइंट दोन आलंय," लॅबवाला म्हणाला. "आत्ताच वॉर्डात कळवलं."

"ते खोटं आहे. मी जांभळीतलं ओतलं त्यात."

"ताई, तुम्ही?"

"हो, मी. ठेव आता."

मग तिने वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, औषधाची सलाइन लावायलाच घेतली आहे. ती म्हणाली, लावू नका, आधी डॉक्टरांना सांगा, रक्त नव्याने काढा.

"परत टोचायचं म्हणता?" सिस्टरना खरं वाटेना. "तुम्ही म्हणताय हे?"

"टोचा. दोनदा टोचा, चारदा टोचा. पण थांबवा ते."

अर्ध्या तासाने सिस्टरचा फोन आला. नव्या रक्तात पोटॅशियम चार पॉइंट एक. आजी ठीक होत्या, सुई टोचली म्हणून कुरकुरत होत्या. उद्या परीक्षेआधी मोठ्या डॉक्टरांनी भेटायला बोलावलं होतं. तिने बरं म्हणून फोन ठेवला आणि मान वर केली. भाची टेबलाशी नव्हती.

ती आतल्या खोलीतून आली तेव्हा तिच्या हातात दादाची फाइल होती.

दादाला तीन दिवस उलट्या-जुलाब होत होते. अंगातलं पाणी गेलेलं, शिरा आत ओढलेल्या. तिनेच रक्त काढलं होतं. पोटॅशियम वाढलंय असं डॉक्टर म्हणाले, उतरवायला औषध सुरू केलं, आणि संध्याकाळी दादाचं हृदय बंद पडलं. पोटॅशियमने गेला, असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. रडताना नातेवाइकांनासुद्धा तो शब्द पाठ झाला होता.

"पोटॅशियम आठ पॉइंट सहा," भाचीने वाचलं. मग तिचं बोट दोन ओळी खाली सरकलं. तिथे कोणी कधी बघितलंच नव्हतं. "हे तू वाच."

तिने वाचलं. कॅल्शियम, चार पॉइंट नऊ. साडेआठच्या खाली जायला नको, हे तिने तासाभरापूर्वीच चार वेळा म्हटलं होतं.

"बाबांची किडनी ठीक होती आणि जुलाबात पोटॅशियम उलट घटतं," भाची म्हणाली. "मग पोटॅशियम वाढलं कशाने? दोन वर्षं मी हेच विचारतेय. नर्सिंगला गेले ते त्यासाठीच." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच आत्याला जास्त भीती वाटली. "तू ओतलं होतंस?"

"हो."

"का?"

"त्याला परत दुखायला नको म्हणून." तिला हुंदका आवरेना. "माझा भाऊ होता गं तो. सुई काढली तर म्हणाला, झालं पण? मला कळलंसुद्धा नाही."

भाचीने आत्याच्या पाठीवर हात ठेवला नाही आणि ती उठूनही गेली नाही. दाराशी किल्ली वाजली तशी तिने पटकन फाइल मिटली आणि पुस्तकाखाली सारली.

"आईला सांगू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "तिच्याकडे तेवढं एकच वाक्य आहे."

वहिनी आत आल्या, चप्पल काढली, हात धुतले आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. "काय म्हणतोय अभ्यास? तोंडं का उतरलीत दोघींची?" असं म्हणत त्यांनी बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात उताणा करून पुस्तकाशेजारी ठेवला. "घ्या वन्सं, आधी हे उरकून टाका. तुमच्या हातचं काही कळतच नाही."

कोपराच्या खोबणीत निळी शीर ठसठशीत दिसत होती. आंधळ्यालाही सापडली असती. तिने पर्सकडे हात नेला आणि मागे घेतला. भाची मान हलवून नको नको म्हणत होती. आत्याने ते पाहिलं. मग तिने वहिनींची बाही हळूच खाली ओढली आणि पुस्तकाखालून फाइल काढून टेबलावर ठेवली.

"वहिनी, आधी मला दादाचं सांगू द्या," ती म्हणाली. "मग हात द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

वहिनींना काही समजलं नव्हतं. त्यांचा हात टेबलावर तसाच होता.