नवव्या घराची पाळी

जुन्नरला नूरजहाँ मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात खिडकीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात जो काळा लॅपटॉप पडून आहे, तो मी. मित्रांनो, माझं वय बारा वर्षं. तुम्ही हसाल, पण आमच्यात बारा म्हणजे पिकलं पान. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे आणि पाच या आकड्याची कळ जोर लावून दाबावी लागते. त्याच कळीवर टक्क्याचं चिन्ह आहे. त्या चिन्हापायी जे घडलं, ते मला अजून विसरता येत नाही.

कारखान्यात मला कोणी जोडलं, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते इथलंच. मॅडमनी क्लास काढला तेव्हा मी एकटाच होतो आणि मुलं पाच. मॅडम फळ्यावर अधिक, उणे, गुणिले लिहीत आणि म्हणत, "चिन्ह म्हणजे हुकूम. पण सगळे हुकूम एकदम पाळता येत नाहीत. आधी गुणाकार, भागाकार आणि बाकी. बेरीज-वजाबाकी नंतर. ज्याला रांग मोडून पुढे यायचंय, त्यानं कंसात बसायचं." मग माझ्याकडे वळून त्या टक्क्याचं चिन्ह दाबत. "आणि हे इथे टक्के काढत नाही. हे बाकी काढतं. वीसला नवानं भागलं की बाकी दोन."

मी बाकी काढून दाखवायचो. शाबासकी मलाच मिळायची. खरं तर मी पक्का सांगकाम्या. लिहिलं तेवढं करायचं, न लिहिलेलं मनातून ओळखायचं नाही. पण तेव्हा माझी छाती फुगायची.

त्या मुलांत प्रतिभा होती. तळेघरच्याही पुढे डोंगरात नऊ घरांची वाडी आहे, तिथली. जुन्नरला वसतिगृहात राहून शिकायची. भातलावणी केलेली तिची बोटं रोप रोवावं तशी कळ दाबायची, आणि माझी पाचाची कळ तिला कधी नडली नाही. तिच्यासारखं मला पुन्हा कुणी हाताळलं नाही.

तिच्या वाडीला उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. विहिरीतून घरटी दोन हंडे मिळतात, ते पिण्यात संपतात. गुरांसाठी वरच्या अंगाला एक झरा आहे. त्याचं डबकं रात्रभरात भरतं आणि पहाटे ज्या घराची पाळी असेल, त्या घरानं ते उपसून आपल्या गोठ्यातल्या डोणीत पुढच्या पाळीपर्यंत साठवायचं. रोज एक घर, मग पुढचं, नऊ झाली की पुन्हा पहिलं. ही पाळी चिमाजी नावाचे म्हातारे तोंडपाठ ठेवत. ते गेले आणि झऱ्यावर भांडणं सुरू झाली.

प्रतिभा म्हणाली, "मी यादी काढून देते. नव्वद दिवसांची."

तिनं घरांना देवळापासून एक ते नऊ क्रमांक दिले. दिवसाच्या आकड्याला नवानं भागायचं आणि जी बाकी येईल त्या क्रमांकाच्या घराचं नाव छापायचं. पहिला दिवस, बाकी एक. दुसरा दिवस, बाकी दोन. तिनं वरची आठ नावं ताडून पाहिली, आठही बरोबर होती. तिचे वडील कुशाबा रविवारच्या बाजाराला आले होते आणि पिशवी घेऊन दारात उभे होते.

"उरक बाई, तळेघरची गाडी चुकली तर रातभर चालावं लागंल," ते म्हणाले.

तिनं घाईनं कागद छापून त्यांच्या हातात दिला. नवव्या ओळीत तारीख होती, नाव नव्हतं. नऊला नवानं भागलं की बाकी शून्य उरते, आणि शून्य क्रमांकाचं घर वाडीत कुठलं? मी माझं काम चोख केलं होतं. मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

परीक्षा संपली. सुट्टीत सराव करायला म्हणून मॅडमनी मला प्रतिभाबरोबर धाडलं. आम्ही वाडीत पोचलो, तो यादीतला एकतिसावा दिवस होता. कागद देवळाच्या खांबाला डिंकानं चिकटवलेला होता. कुशाबा कौतुकानं तो दाखवत होते आणि प्रतिभाचं बोट एका जागी थांबलं.

"आबा, हे कोरं का?"

"त्यो झऱ्याचा मोडा," कुशाबा म्हणाले. "तूच ठेवलास की. रानाला मोडा असतो, त्या दिशी आपुन औत धरत न्हाई. तसा झऱ्यालाबी इसावा. लोकांना लई आवडलं बघ. आमी नारळ वाढवतो त्या दिशी."

प्रतिभानं पहिल्या ओळीपासून नावं मोजली. ती आठच भरली. ती मला पिशवीसकट घेऊन वाडीच्या टोकाला गेली. तिथे शेवटचं घर ठकूबाईंचं. एकट्याच राहायच्या, सोबत एक म्हैस. गोठ्यात दावं होतं, म्हैस नव्हती.

"आत्या, म्हस कुठंय?"

"आळे गावाला लेकीकडं धाडली. चार दीस झालं," ठकूबाई म्हणाल्या. "तिला रोज दोन-चार हंडं लागतात. खालच्या वढ्यात उकरून काढत व्हते, त्येबी आटलं."

"झऱ्यावर का न्हाई गेलात?"

ठकूबाई अंगण झाडत राहिल्या. "शेजारच्या पोराकडून कागूद वाचून घेतला. माझं नाव न्हाई म्हनला. तीन डाव वाट बघितली. मला वाटलं, गावाला मी नकोशी झाले. आता लोकांच्या दारात जाऊन काय इचारायचं?"

मित्रांनो, वाडीतली माणसं वाईट नव्हती. प्रत्येकानं कागदात आपलं नाव शोधलं, ते सापडलं आणि माणूस घरी गेला. ठकूबाईंचं नाव शोधायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

प्रतिभा तिथेच ओट्यावर बसली आणि तिनं मला उघडलं. वीज नव्हती. माझ्यात अर्ध्या तासाचा जीव होता. दिवसाच्या आकड्यातून एक वजा करायचा, बाकी काढायची, मग एक मिळवायचा, एवढं तिला सुचलं. पण रडत लिहिताना ती कंस विसरली. मी नेमानं आधी एकाचीच बाकी काढली, ती एकच; एक वजा, एक अधिक, दिवसाचा आकडा जसाच्या तसा राहिला. दहा क्रमांकाचं घर वाडीत नाही, म्हणून दहाव्या दिवसापासून सगळ्याच ओळी कोऱ्या आल्या. तिनं डोळे पुसले, वजाबाकी कंसात बसवली. या वेळी तिनं नव्वद ओळी एक-एक करून मोठ्यानं वाचल्या. नवव्या, अठराव्या, सत्ताविसाव्या, छत्तिसाव्या, सगळ्या ठिकाणी ठकूबाईंचं नाव होतं.

ठकूबाई झाडू घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हे यंत्र तवा काय बोललं न्हाई व्हय?"

"बोललं व्हतं आत्या," प्रतिभा म्हणाली. "कोरी ओळ म्हंजी त्याचं बोलणंच. मी वाचलं न्हाई."

बारा वर्षांत माझ्याविषयी इतकं खरं कुणी बोललेलं नाही. तिनं मला दोष दिला नाही, म्हणून तर मला तिची अधिक आठवण येते.

छत्तिसावा दिवस मी पाहिला नाही. सुट्टी संपल्यावर तिनं तो मॅडमना सांगितला, तेव्हा मी टेबलावर उघडा होतो. नवी यादी प्रतिभानं हातानं उतरवून देवळाच्या खांबाला लावली होती; त्या पहाटे सगळी वाडी झऱ्यावर ठकूबाईंच्या आधी येऊन थांबली होती. कुशाबांनी स्वतः त्यांचे हंडे भरून दिले. ठकूबाईंनी ते घरी नेऊन गोठ्यातली दगडी डोणी काठोकाठ भरली. मग डोणीजवळ बसून राहिल्या. म्हैस परत आणू का, असं प्रतिभानं विचारलं, तर म्हणाल्या, "रुळली ती तिकडं. नातवंडं दूध पित्यात. ऱ्हाऊ दे." डोणीतलं पाणी संध्याकाळी चिमण्या प्यायल्या.

आता प्रतिभा पुण्यात नोकरी करते. क्लासात नवी यंत्रं आली आहेत. कपाटाच्या फटीतून मॅडमचा आवाज येतो, "हे इथे बाकी काढतं," आणि माझी पाचाची कळ उगाच शिवशिवते. वाटतं, तिनं एकदा यावं, मला उघडावं, एखादं साधं गणित घालावं. मग मी बंद पडलो तरी चालेल.

मला पुसा, चार्ज करा, असं मी तुम्हाला सांगत नाही, माझं काय ते झालं. पण माझ्यासारख्याकडून एखादी यादी काढून घ्याल, तेव्हा ती खालपर्यंत वाचा. आपलं नाव सापडलं म्हणून उठू नका. कोण राहिलं ते पाहा, आणि त्याच्या दारात तुम्ही जा. ठकूबाई आपण होऊन येणार नाहीत.