वाक्य काढायचा हक्क

काचेच्या केबिनचा पडदा अर्ध्यावर येऊन अडकला. नणंदबाईंनी दोरीला दोन हिसडे दिले, मग ती सोडून दिली आणि तशाच खुर्चीत येऊन बसल्या. बाहेर सगळ्यांच्या माना संगणकात खुपसलेल्या होत्या आणि सगळ्यांचे कान केबिनकडे लागले होते. समोर भावजय लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"भावाच्या तोंडाकडे पाहून तुला इथे पाऊल ठेवू दिलं," नणंदबाई म्हणाल्या, "आणि तू माझ्याच अन्नात माती कालवलीस?"

"मी काही कालवलं नाही, ताई. लोकांनी सांगितलं ते लिहिलं."

"लोकांनी! आले मोठे सांगणारे!"

मालवाहतुकीच्या या कंपनीच्या शाखा देशोदेशी पसरलेल्या. कुठल्या शाखेत कुणाला बरोबरीनं वागवतात, कुणाला सामावून घेतात आणि कुणाला कोपऱ्यात बसवून ठेवतात, हा भावजयीच्या संशोधनाचा विषय. परदेशातल्या मुख्य कचेरीला तो भारी आवडला. केबिनच्या भिंतीवर तिकडूनच आलेलं पोस्टर होतं, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांचे हसरे चेहरे आणि खाली 'आम्ही सगळे'. इथल्या शाखाप्रमुख नणंदबाईंनी स्वतः त्या कचेरीत उमेदवारीची वर्षं काढली होती, त्यामुळे परवानगी त्यांच्याच शब्दावर मिळाली. इतकंच कशाला, बाकीच्यांची भीड चेपावी म्हणून मुलाखतीला पहिल्या त्याच बसल्या आणि एकदा बोलायला लागल्या त्या थांबेनात. आता अहवाल उद्या तिकडे जायचा होता आणि पाठोपाठ तिथेच विभागप्रमुख कोण ते ठरायचं होतं. नणंदबाईंचं नाव जवळजवळ पक्कं होतं. एवढ्या वर जाणारी पहिली बाई म्हणून त्यांचा फोटोसुद्धा तिकडून मागवला होता.

दारावर टकटक झाली. बिलिंगमधली मुलगी अर्धीच आत आली.

"मॅडम, आज जरा लवकर निघू का? सासूबाईंना दवाखान्यात..."

नणंदबाईंची बोटं कीबोर्डवर चालतच राहिली.

"घरचं घरी. आधी काम संपव."

दार हळूच लागलं. भावजय त्या दाराकडे बघत राहिली, पण तिला बघायला उसंत कोण देतंय! नणंदबाईंनी अहवालाची पानं पुढ्यात ओढली.

"नावं गाळली म्हणजे मला कळणार नाही असं वाटलं तुला? उच्चारांना हसतात म्हणून परदेशातले फोन घेऊ देत नाहीत, ही गोदामातली. वरच्या मजल्यावरच्या बैठकीला बोलावतच नाहीत, हा कुबड्या घेऊन येणारा रिसेप्शनवाला. लिफ्ट बंद असते ती काय मी पाडते बंद?"

भावजयीचा चेहरा उतरला.

"त्यांना काही बोलू नका, ताई. मी शब्द दिलाय त्यांना."

"त्यांचं मी बघते काय करायचं ते. पण ही कोण?" नणंदबाई एका ओळीखाली नख ओढत वाचू लागल्या. "'रजा मागितली तेव्हा वरिष्ठांनी मान वर केली नाही. टाइप करत राहिले. म्हणाले, घरचं घरी ठेवा. घरात काय झालं होतं ते नंतर कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून कामावर येतात ते फक्त माझे हातपाय.'"

त्यांनी पान आपटलं.

"टाइप करत राहिले! घरचं घरी! हे मीच, दुसरं कोण? आंधळ्यालासुद्धा कळेल. तिकडे हे वाचलं की झालंच माझं कल्याण."

सकाळपासून त्यांनी रजा मागणारा एकेक चेहरा आठवून पाहिला होता. बाकी सगळी वाक्यं ज्याच्या त्याच्या तोंडी चपखल बसली, हे मात्र कुणाच्याच बसेना. त्यानं त्यांचा जास्तच जळफळाट होत होता.

"नाव सांग, नाहीतर वाक्य काढ."

"नाव सांगता येत नाही. आणि वाक्य काढायचा हक्क फक्त बोलणाऱ्याचा. ज्याचं त्याने म्हटलं तर या क्षणी काढते."

"मग मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकव. आवाजावरून ओळखते आणि कायमची घरी बसवते तिला."

"ज्याचा आवाज, त्यालाच ऐकवता येतो, ताई."

"नियम मला शिकवतेस? माझ्या दारात पाय ठेवून दाखव यापुढे!"

भावजयीने बॅगेची चेन ओढली. मग तिने लॅपटॉप उघडला, काहीतरी शोधलं, इअरफोनच्या वायरचा गुंता सोडवला आणि ते नणंदबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"ऐका."

"आत्ता तर म्हणालीस, ज्याचा त्यालाच."

"हो," भावजय म्हणाली. "म्हणूनच."

नणंदबाईंनी रागारागानं ते कानात खुपसले. आधी कपात चमचा वाजला. मग एक बाई खाकरली आणि हसत सांगू लागली, मुख्य कचेरीतल्या पहिल्या वर्षाबद्दल, तिथल्या साहेबाबद्दल. पुढे पुढे हसू विरलं. आईचा शेवटचा फोन आला म्हणून रजा मागितली होती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. आपला आवाज असा चिरकतो हे नणंदबाईंना ठाऊक नव्हतं.

त्यांनी इअरफोन काढले. बाहेर कुणाचा तरी प्रिंटर खडखडत होता.

"देश, साल, आई, सगळं मी पुसून टाकलं," भावजय हळू आवाजात म्हणाली. "ओळख पटू नये म्हणून. काढू का आता? तुम्ही म्हणाल तर काढते."

अर्ध्या पडद्याखालून बिलिंगचं टेबल दिसत होतं. ती मुलगी पर्स मांडीवर घेऊन बिलांवर शिक्के मारत होती.

"जसंच्या तसं पाठव," नणंदबाई म्हणाल्या. "त्यांना काय समजायचं ते समजू दे. आणि नीघ. तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

भावजयीने बॅग उचलली. ती दारापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"त्या बिलिंगवालीला आत पाठव."

भावजय थबकली. तिने वळून पाहिलं. नणंदबाईंनी कीबोर्ड टेबलाच्या पार कडेला सारला होता आणि मान वर करून त्या दाराकडे बघत होत्या.